धर्मादाय : पेढीचे दान आणि दुकानाचे दान

कोणत्याही धर्मग्रामाच्या महोत्सवाची स्मरणिका हाती आली म्हणजे तिची अखेरची पाने वाचक बहुधा न वाचताच उलटतो. त्या पानांवर जाहिराती असतात. कोणा मोठ्या कारखानदाराचे पूर्ण पान, कोणा सराफाचे अर्धे पान, बेकरीवाल्याचे व शिंप्याचे पाव पान, आणि सर्वांत खाली, रकान्याच्या तळाशी, ‘एका हितचिंतकाकडून’ एवढीच एक ओळ. पुस्तक छापले जाते ते ह्याच पानांच्या जोरावर. आणि छपाईचा खर्च वजा जाता जी शिल्लक राहते ती शाळेच्या छपरास किंवा गोरगरिबांच्या निधीस लागते. ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे, म्हणूनच तिच्याविषयी कोणी लिहीत नाही.

व्यापार लहान असो की मोठा, तो ज्या वस्तीत चालतो त्या वस्तीच्या धर्मकार्यास त्याने काही द्यावे, ही चाल आपल्या देशात आजकालची नव्हे. तिचा थोडासा इतिहास सुज्ञ वाचकांपुढे ठेवावा असा ह्या लेखाचा हेतु आहे. अशा इतिहासात थोर दात्यांची नावे येणारच, व ती यावीत हेही योग्य. परंतु प्रस्तुत लेखकाचे मन दात्यांच्या पुतळ्यांपाशी फार वेळ रमत नाही. ते एका साध्या प्रश्नाभोवती घोटाळत राहते. दान ज्याच्या नावाने झाले त्याच्याच खिशातून ते आले होते काय? आणि त्याचा हिशेब कोणी पाहिला?

आरंभ सह्याद्रीच्या लेण्यांपासून करावा लागतो. कार्ले येथील चैत्यगृह पाहावयास पुष्कळ लोक जातात. तेथील भिंतींवर व खांबांवर कोरलेल्या ओळी वाचणारे थोडे. त्यांतील एका लेखात वैजयंतीचा, म्हणजे आजच्या बनवासीचा, भूतपाल नावाचा श्रेष्ठी सांगतो की, जंबुद्वीपातील हे सर्वोत्तम शैलगृह आपण पुरे करविले. मोठ्या पेढीची भाषा तेव्हाही अशीच असे! त्याच दर्शनी भागात दुसरा एक लेख आहे. धेनुकाकटाचा सिंहदत्त नावाचा एक गांधी, म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणारा दुकानदार, त्याने दरवाजा दिला, बस्, एवढेच. आतील खांब निरनिराळ्या माणसांनी एकेक करून दिलेले आहेत, व त्यांपैकी एक देणारा आमच्या वसईनजीकच्या सोपाऱ्याचा आहे. जुन्नरच्या लेण्यांत तर धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे एक लेणे व पाण्याचे टाके दिल्याची नोंद आहे. श्रेष्ठी, दुकानदार आणि व्यवसायबंधूंची श्रेणी हे तिन्ही प्रकारचे दाते येणेप्रमाणे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ह्याच डोंगरांत एकमेकांच्या शेजारी उभे होते.

परंतु आमच्या विषयाला खरा आधार मिळतो तो नाशिकच्या पांडव लेण्यांतील उषवदात ह्याच्या लेखात. हा क्षत्रप नहपान राजाचा जावई. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी त्याने लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी ३,००० कार्षापणांची देणगी केली, व ती रक्कम देवालयाच्या कोठारात किंवा राजाच्या खजिन्यात न ठेवता गोवर्धन गावच्या विणकरांच्या श्रेणींत ठेवली. २,००० एका श्रेणीत, दरमहा शेकडा एक व्याजाने. १,००० दुसऱ्या श्रेणीत, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल कधीही परत करावयाचे नाही. केवळ व्याज खर्चावे. ह्या ठेवीस तेथे ‘अक्षयनीवी’ असे नाव दिले आहे. पहिल्या रकमेच्या व्याजातून वीस भिक्षूंपैकी प्रत्येकास वस्त्रासाठी वर्षाला बारा कार्षापण मिळावेत असे लिहिले आहे. वाचकांनी हिशेब करून पाहावा: २,००० वर दरमहा २०, वर्षाचे २४०, आणि वीस भिक्षूंस बारा-बारा म्हणजे २४०. एक पैही इकडची तिकडे नाही. शिवाय लेख असेही सांगतो की, हा व्यवहार नगराच्या सभेत वाचून दाखविण्यात आला व फलकांवर नोंदण्यात आला.

ह्यात दाता राजकुळातला आहे हे खरे. पण धर्मकार्य वर्षानुवर्षे चालविण्याचे ओझे कोणाच्या खांद्यावर आले? माग चालविणाऱ्या विणकरांच्या. त्यांनी ते भांडवल आपल्या धंद्यात वापरावे, त्यातून नफा काढावा व व्याज नेमाने पोचवावे, असा हा करार होता. राजे बदलले तरी विणकर राहतील, हा भरवसा त्यामागे असला पाहिजे. पुढे तिसऱ्या शतकात, आभीर राजा ईश्वरसेन ह्याच्या काळी, विष्णुदत्ता नावाच्या एका उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी ह्याच रीतीने ठेवी ठेवल्या. त्या घेणाऱ्या श्रेणींत कुंभार आहेत, तेली आहेत, पाण्याची यंत्रे करणारे आहेत. ज्यांस आपण आज ‘बारीकसारीक धंदेवाले’ म्हणतो त्यांच्यावर दवाखान्याचा निधी विश्वासाने सोपविला जात होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आता मध्यंतरीची अनेक शतके ओलांडून आपण मुंबई बंदरात येऊ. श्रेणींचे नाव तोवर लोपले होते. परंतु गुजराथ व मुंबई येथील व्यापाऱ्यांत महाजन नावाची संस्था जिवंत होती. एकाच मालाचा व्यापार करणारे लोक एकत्र बसून ठरवीत की, खरेदीविक्रीच्या प्रत्येक व्यवहारावर अमुक इतकी बारीक रक्कम धर्मासाठी बाजूला काढावी. गुजराथी व्यापारी तीस ‘लागो’ म्हणत. सर्वसाधारण बाजारात तिचे नाव ‘धर्मादाय’. हा शब्द आमच्या जुन्या दफ्तरांतही आहे; पेशवाईत धर्मादाय हे सरकारी खर्चाचे सदरच होते. परंतु व्यापाऱ्यांच्या वहीत तो खर्चाऐवजी बिलाच्या तळाशी, हमाली व तोलाई ह्यांच्या पंक्तीत जाऊन बसला.

ह्या पद्धतीचे बळ कशात आहे ते मुंबईच्या पांजरपोळाच्या इतिहासावरून दिसते. १८३२ साली भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकमावरून शहरात पारशी लोकांचा मोठा दंगा झाला. त्यानंतर १८३४ साली सर जमशेटजी जीजीभाई व अमीचंद शाह ह्यांच्या पुढाकाराने भुलेश्वर येथे पांजरपोळ स्थापन झाला. अनाथ जनावरांस पोसावयाचे म्हणजे रोजचा चारा, रोजची माणसे, रोजचा खर्च. एकदा मिळालेली मोठी देणगी त्याला पुरी पडत नाही. म्हणून व्यापाऱ्यांनी कापूस, अफू इत्यादि मालावर लागो बसवून घेतला. व्यवहार जितके, तितका चारा. कोणा एका शेठाच्या मर्जीवर किंवा मरणावर संस्थेचे जगणे अवलंबून राहिले नाही. मोठ्या देणगीने इमारत उभी राहते. तिच्यातील चूल पेटती ठेवावयास मात्र अशी बारीक धार लागते. हे धर्मगुरूंइतके अनुभवाने कोणास ठाऊक असणार?

ज्या जमशेटजींचे नाव वर आले त्यांचे चरित्र मोठ्या पेढीच्या दानाचा नमुना म्हणून पाहण्यासारखे आहे. १७८३ सालचा जन्म. लहानपणीच आईबाप गेलेले. मामाच्या बाटल्यांच्या दुकानात उमेदवारी. मग चीनच्या पाच सफरी, त्यांपैकी एकीत फ्रेंचांच्या हाती कैद. अखेरीस कापूस व अफू ह्यांच्या व्यापारात अपार संपत्ती. १८४२ साली ‘सर’ हा किताब मिळालेले ते पहिले हिंदी गृहस्थ, आणि १८५७ साली बॅरोनेट झालेलेही पहिलेच. मुंबईच्या ज्या रुग्णालयास आजही लोक ‘जे. जे.’ म्हणतात, त्यासाठी त्यांनी १ लक्ष रुपये देऊ केले, ते कंपनी सरकारने तितकीच रक्कम घालावी ह्या बोलीवर. १८४३ साली पाया बसला व १८४५ साली रुग्णालय सुरू झाले. त्याच वर्षी माहीम आणि वांद्रे ह्यांच्यामधील खाडीवरचा रस्ता खुला झाला. त्यापूर्वी ती खाडी होडीने ओलांडावी लागे, व पावसाळ्यात ते जिवावरचे काम असे. सरकार पैसा घालीना. तेव्हा जमशेटजींच्या पत्नी लेडी अवाबाई ह्यांनी १,५७,००० रुपये दिले, आणि ह्या रस्त्यावरून जाणाऱ्यायेणाऱ्यांकडून सरकारने जकात घेऊ नये अशी अट घातली. वांद्रे व साष्टीच्या आमच्या ख्रिस्ती लोकांनी त्या रस्त्यावरून पिढ्यान्‌पिढ्या भाजीची पाटी, मासळीची टोपली, लग्नाची वरात व मृताची पेटी नेली; जकात कोणी मागितली नाही. दानाबरोबर घातलेली ती अट, प्रस्तुत लेखकाच्या मते, दानाइतकीच मोलाची आहे.

पण अफूचे काय? हा प्रश्न टाळून जमशेटजींची स्तुति करणे सोपे आहे, व पुष्कळांनी ती तशी केली आहे. चीनच्या बादशहाने आपल्या देशात अफू आणण्यास बंदी केलेली होती. तरी मुंबईहून जार्डिन मॅथेसन ह्या पेढीच्या मार्फत माळव्याची अफू तेथे जात होती, आणि त्या व्यापारातील मुंबईकडील मोठे आडतिये जमशेटजीच होते. सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना संत थोमस आक्वीनास ह्यांचा एक प्रश्न आम्हांपुढे येत असे: अन्यायाने मिळविलेल्या द्रव्यातून दानधर्म करता येईल काय? संताने त्याचे उत्तर एका शब्दात दिलेले नाही. त्यांनी अशा द्रव्याचे तीन प्रकार केले. जे दुसऱ्याकडून लुबाडले ते मूळ धन्यास परत केले पाहिजे. त्यातून दान करणे म्हणजे परक्याच्या पैशाने पुण्य विकत घेणे. जे देणाऱ्याने देणे व घेणाऱ्याने घेणे दोन्ही निषिद्ध, ते दोघांनीही न ठेवता गरिबांस द्यावे. आणि जेथे धंदा लाजिरवाणा असला तरी मोबदला मिळण्यात अन्याय नाही, ते द्रव्य ज्याचे त्याने ठेवावे, व त्यातून दानही करावे.

अफूचा पैसा ह्यांपैकी कोठे बसतो? परत करावयाचा म्हटला तर कोणास? कँटनच्या कोणत्या घरी जाऊन? ह्या वादात पडलेला मनुष्य लवकर बाहेर येत नाही. मात्र एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. रुग्णालयाच्या निम्म्या रकमेस अफूचा वास होता असे म्हणावे, तर ज्या कंपनी सरकारने दुसरी निम्मी रक्कम घातली, ते बंगालच्या अफूचे स्वतः मक्तेदार होते व माळव्याच्या अफूवर परवान्यांची जबर फी घेत होते. तेव्हा एकट्या पारशी शेठास आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून शेजारच्या साहेबास खुर्ची द्यावी, हा न्याय नव्हे. रुग्णालयात शिरणारा आजारी मनुष्य काही पायाच्या दगडाची वंशावळ विचारीत नाही, आणि विचारू नये. इतिहास लिहिणाऱ्याने मात्र विचारली पाहिजे.

सासून घराण्याची गोष्टही ह्याच वळणाची आहे. बगदादहून मुंबईस आलेले डेव्हिड सासून १८६४ साली वारले. त्यांच्या देणगीचे पुण्याचे रुग्णालय १८६७ साली उघडले. त्यांच्या पेढीचाही चीनशी अफूचा मोठा व्यवहार होता. पुनरुक्ति नको.

प्रेमचंद रायचंद ह्यांचे दान निराळ्या जातीचे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ पासून लँकेशायरच्या गिरण्यांस तेथील कापूस मिळेनासा झाला व मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला. शेअरांच्या वेडाने शहर पछाडले, आणि त्या वेडाचे राजे होते प्रेमचंद. त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी २ लक्ष व मनोऱ्यासाठी २ लक्ष रुपये दिले. मनोऱ्यास आपल्या आईचे, राजाबाईचे, नाव द्यावे एवढीच त्यांची इच्छा. कलकत्ता विद्यापीठासही त्यांनी २ लक्ष दिले. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले, बँका व मंडळ्या बुडाल्या, आणि त्यांजबरोबर प्रेमचंद ह्यांचीही दौलत गेली. मनोरा मात्र १८७८ साली पुरा झाला व उभा आहे. त्याच लाटेत ज्या हजारो कारकुनांनी व दुकानदारांनी आपली पुंजी घालविली त्यांची नावे कोणत्याही मनोऱ्यावर नाहीत; खरे पाहता तो मनोरा थोडाफार त्यांचाही आहे. लाटेवरचे दान हे असे असते. ते वेळीच विद्यापीठाच्या पदरात पडले म्हणून वाचले. पेढीत राहिले असते तर पेढीबरोबर गेले असते.

टाटा घराण्याने ह्या सर्वांहून वेगळी वाट काढली. जमशेटजी नसरवानजी टाटा ह्यांनी १८९२ साली होतकरू विद्यार्थ्यांस परदेशी शिक्षणासाठी साह्य देणारा निधी काढला. शास्त्रीय संशोधनाच्या संस्थेसाठी त्यांनी ३० लक्षांची मिळकत देऊ केली. ते १९०४ साली निवर्तले, आणि बंगळूर येथील ती संस्था १९०९ साली स्थापन झाली. पण खरा पालट त्यांच्या मुलांनी केला. सर रतन टाटा ह्यांच्या इस्टेटीचा विश्वस्त निधी १९१९ साली, सर दोराबजींचा १९३२ साली झाला. त्यांच्या व कुटुंबातील इतर निधींच्या हाती येऊन आज मूळ कंपनीचे सुमारे दोनतृतीयांश भाग धर्मादाय विश्वस्त संस्थांच्या मालकीचे आहेत. म्हणजे येथे व्यापार धर्मकार्यास देणगी देतो असे म्हणण्यापेक्षा, धर्मकार्यच व्यापाराचे धनी आहे असे म्हणावे लागते. परळचे कर्करोगाचे टाटा रुग्णालय १९४१ साली उघडले ते ह्याच व्यवस्थेतून. नाशिकच्या अक्षयनीवीत मुद्दल विणकरांच्या धंद्यात होते. येथे धंद्याचे भागच मुद्दल झाले. कल्पना तितकी नवी नाही, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

असो. मोठ्या पेढ्यांचे पुराण पुरे झाले. आता बाजारच्या ओट्यावर उतरू. कारण आमच्या वाचकांपैकी बहुतेकांचा संबंध शेठांच्या तिजोरीशी नव्हे, तर दलालाच्या पट्टीशी आलेला आहे.

पांजरपोळाचा लागो व्यापाऱ्यांनी आपल्या आपसांत, आपल्या संमतीने बसविला होता. परंतु हीच रीत खेड्यापाड्यांच्या बाजारपेठांत गेली तेव्हा तिचे रूप पालटले. शेतकरी गाडीभर माल घेऊन यावयाचा. आडत्याने तो विकावयाचा. आणि पट्टी हाती येई तेव्हा तीत आडत, हमाली, तोलाई, नमुना ह्यांच्या जोडीला ‘धर्मादाय’ म्हणूनही काही कापलेले असावयाचे. धर्म कोणता, संस्था कोठली, पैसा पोचला की नाही, हे विचारण्याची शेतकऱ्यास सोय नव्हती. गोशाळेच्या किंवा धर्मशाळेच्या दगडावर नाव आडत्याचे. पैसा मात्र शेतकऱ्याच्या घामाचा. १९२८ साली हिंदुस्थानच्या शेतकीसंबंधीच्या शाही कमिशनने आपला अहवाल दिला, त्यात बाजारांतील ह्या कपातींवर, व धर्मादायाच्या कपातीवरही, कडक टीका आहे. पुढे मुंबई प्रांतात १९३९ साली शेतमालाच्या बाजारांचा कायदा झाला, व नियमांत न बसणाऱ्या कपाती बेकायदा ठरल्या. कायदा झाला म्हणून चाल एका दिवसात मोडत नाही, हे सांगणे नलगे.

येथे कोणी म्हणेल की, चार आण्यांच्या कपातीवरून एवढा ऊहापोह कशाला? त्याचे उत्तर असे की, दान हे देणाऱ्याच्या इच्छेवाचून दान होतच नाही. मनुष्यास न विचारता त्याच्याकडून घेतले ती पट्टी झाली. तिचे पैसे उद्या अनाथांच्या मुखी अन्न म्हणून गेले तरी शेतकऱ्याच्या पदरी पुण्य पडत नाही, आणि आडत्याच्या पदरी तर मुळीच नाही. आमच्या वसईच्या केळीवाल्यांनी, पानवाल्यांनी व फुलवाल्यांनी अशा पट्ट्या पुष्कळ पाहिल्या आहेत.

ह्याच्या उलट लहान दुकानातून स्वेच्छेने निघालेल्या दानाचे एक उदाहरण आपल्या प्रत्येक देवळात आहे, पण त्याचा उगम दुकानात झाला हे फार थोड्यांस ठाऊक असेल. संत अंतोनीच्या पुतळ्यापाशी ‘गरिबांची भाकर’ म्हणून जी पेटी असते, तिचा आजचा प्रघात फ्रान्समधील तुलों बंदरातून आला. तेथे लुईज बुफिए नावाची एक स्त्री कापडचोपडाचे छोटे दुकान चालवीत असे. १८९० साली एका सकाळी दुकानाचे कुलूप काही केल्या उघडेना. दार फोडावे लागणार असे कारागीर म्हणाला. तेव्हा तिने संत अंतोनीस गरिबांसाठी भाकरीचा नवस केला, आणि कुलूप उघडले. ही वार्ता ओळखीपाळखीच्या लोकांत पसरली. दुकानाच्या मागच्या खोलीत संताची मूर्ति बसली, येणारेजाणारे तेथे नाणी टाकू लागले, व त्या नाण्यांतून अनाथांस भाकरी जाऊ लागली. थोड्याच वर्षांत ही पेटी देशोदेशींच्या देवळांत पोचली. दुकान लहान, नाणी लहान. पण नाणे टाकणारा ते कशासाठी टाकतो हे जाणत होता.

आणि ज्यांच्यापाशी दुकानही नव्हते, केवळ दोन-चार गुंठ्यांची वाडी व डोक्यावर सावकाराचे ऋण होते, त्यांचे काय? त्यांच्यासाठी १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा पहिला कायदा झाला व १९१२ साली तो विस्तृत करण्यात आला. ह्या दुसऱ्या कायद्यातील एक कलम आमच्या विषयाचे आहे, आणि ते इतके साधे आहे की त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. सोसायटीने निव्वळ नफ्याचा चौथा हिस्सा आधी राखीव निधीत टाकावा. मग जे उरेल त्याच्या शेकडा दहापर्यंत रक्कम तिला धर्मादाय कामास देता येईल. क्रम पाहण्याजोगा आहे. आधी सभासदांच्या ठेवींची सुरक्षितता, मागाहून औदार्य. आणि औदार्यालाही मर्यादा. प्रेमचंदांच्या काळी असा क्रम कोणी पाळला असता तर किती घरे वाचली असती!

वसईत १९१८ साली मोन्सिन्योर पी. जे. मोनिस ह्यांनी पतसंस्थेचा पाया घातला. तीच आज बेसिन कॅथॉलिक सहकारी बँक म्हणून प्रसिद्ध आहे. शेतकऱ्याने शेतकऱ्यास कर्ज द्यावे, व सावकाराच्या दारी जाणारे व्याज आपल्याच लोकांत राहावे, हा तीमागील विचार. अशा संस्थांच्या नफ्यातून जे धर्मादाय निघते त्याचा दाता कोण, असे विचारले तर बोट कोणाकडेही दाखविता येत नाही. केळीचा लोंगर विकून हप्ता भरणारी प्रत्येक बाई व पाच-दहा रुपये ठेवणारा प्रत्येक गडी त्यात आहे. महाराष्ट्राच्या १९६० सालच्या सहकारी कायद्याने ही मर्यादा निव्वळ नफ्याच्या शेकडा वीसपर्यंत वाढविली, व धर्मादायाच्या जोडीस इतर सार्वजनिक कामेही घातली.

अवांतर असले तरी येथे पैसा फंडाची आठवण होते. अंताजी दामोदर काळे ह्यांनी घरोघर फिरून प्रत्येक माणसाकडून एकेक पैसा जमविण्याची कल्पना काढली. लोकमान्य टिळकांनी तीस पाठबळ दिले. आणि त्या पैशांतून १९०८ साली तळेगाव येथे काचेचा कारखाना निघाला. व्यापाराने धर्मास द्यावयाचे ते येथे लोकांच्या धर्मबुद्धीने व्यापारास दिले! अशी उलटी गंगा क्वचितच वाहते, परंतु ती वाहिली हे खरे.

राहता राहिला हिशेबाचा प्रश्न. तो कायद्याने हाती घेतला स्वराज्यानंतर. १९५० साली मुंबई राज्यात सार्वजनिक विश्वस्त संस्थांचा कायदा झाला. त्याचे ५४ वे कलम ‘धर्मादा’ ह्या नावानेच ओळखले जाते. त्याचा मथितार्थ असा की, एखाद्या धंद्याच्या रीतीप्रमाणे किंवा देणाऱ्याघेणाऱ्याच्या करारान्वये, कोणत्याही नावाने का होईना, धर्मकार्यासाठी म्हणून जी रक्कम गिऱ्हाइकाकडून घेतली जाते, ती घेणाऱ्याच्या मालकीची होत नाही. तो तिचा केवळ विश्वस्त. त्याने तिचा हिशेब सरकारी अधिकाऱ्यास सादर केला पाहिजे. त्या कायद्याच्या अंमलबजावणीसाठी जो अधिकारी नेमला जातो त्यास मराठीत आपण ‘धर्मादाय आयुक्त’ म्हणतो. बिलाच्या तळाशी हमालीच्या शेजारी बसणारा शब्द अशा रीतीने सरकारी कचेरीच्या पाटीवर गेला.

पुढे प्राप्तिकर खात्याने उलट बाजूने प्रश्न उपस्थित केला. सूत व कापूस विकताना बिजली कॉटन मिल्स ही गिरणी गिऱ्हाइकांकडून धर्मादाय म्हणून काही आणे निराळे घेत असे. ते गिरणीचे उत्पन्न समजून त्यावर कर घ्यावा, असे खात्याचे म्हणणे. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाने निकाल दिला की, ही रक्कम प्रथमपासूनच धर्मकार्यासाठी बांधलेली असल्यामुळे ती गिरणीचे उत्पन्न होत नाही. गिरणीचा कर वाचला हे तर झालेच. परंतु त्या निकालाची दुसरी धार अशी की, जे तुमचे उत्पन्नच नव्हे ते देऊन तुम्ही दाते म्हणविता कसे?

मोठ्या कंपन्यांसाठी २०१३ सालच्या कंपनी कायद्याने तर दान ऐच्छिकही ठेवले नाही. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा वार्षिक उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा अधिक असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचा किमान शेकडा दोन भाग समाजकार्यास लावावा असे १३५ वे कलम सांगते. १ एप्रिल २०१४ पासून ते लागू आहे. त्यातच, कंपनी जेथे काम करते त्या जागेस व तिच्या आसपासच्या प्रदेशास अग्रक्रम द्यावा, असेही लिहिले आहे. ज्या गावची हवा व पाणी कारखाना वापरतो त्या गावाचा हक्क त्यावर पहिला, ही गोष्ट कायद्यात लिहून ठेवावी लागली, ह्याचे प्रस्तुत लेखकास थोडे वाईटच वाटते. तथापि न लिहिण्यापेक्षा लिहिणे बरे. सक्तीने घेतलेल्या ह्या शेकडा दोनास दान म्हणावे की कर, ह्याचा निर्णय नीतिशास्त्रज्ञांवर सोपवितो.

कोपऱ्यावरचा वाणी, बेकरीवाला, शिंपी ह्यांच्यापर्यंत हे १३५ वे कलम पोचत नाही; त्यांचे उत्पन्न तेवढे कधी होणारही नाही. ५४ वे कलम मात्र आकाराचा भेद जाणत नाही. गल्ल्यापाशी धर्मकार्याच्या नावाने बिलामागे एक रुपया जरी कोणी घेत असला, तरी तो त्या रुपयापुरता विश्वस्त आहे, आणि तो रुपया कोठे पोचला हे विचारण्यात गिऱ्हाइकाने संकोच मानण्याचे कारण नाही. सहकारी संस्थांत तर ह्यासाठी वर्षातून एक दिवस नेमलेलाच आहे. वार्षिक सभेत नफ्याच्या वाटणीचा तक्ता वाचला जातो, त्यात धर्मादायाची रक्कमही येते. बहुधा तोवर चहा आलेला असतो आणि अर्धे सभासद उठून गेलेले असतात.